घुंगरांमधली डाळिंबं

"दोरा बोलला पायजे, बाय."

असं म्हणून ते रिळाचा दोरा हातभर ओढायचे, दोन्ही अंगठ्यांना गुंडाळून ताणायचे, कानाशी न्यायचे आणि करंगळीनं छेडायचे. डोळे मिटलेले. दुकानात बायका फॉल-पिकोसाठी खोळंबलेल्या असल्या तरी त्यांना घाई नसायची. मग डोळे उघडून निकाल सांगायचे, "हा मुका हाय. दुसरा दे."

माझं माणिकपूरला मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणं, भरतकामाच्या लड्या असा माल. दोरा उजेडात नेऊन रंग बघणारी गिऱ्हाइकं रोजचीच, दातानं तोडून बघणारीही भेटतात. दोरा ऐकून घेणारा माणूस मात्र पहिलाच. मला वाटलं, म्हातारा आपली चेष्टा करतोय. मी मुळात तिखट जिभेची. म्हटलं, "काका, हे दोऱ्याचं दुकान आहे, सतारीचं नव्हे."

ते हसले नाहीत की चिडले नाहीत. "जाल्याचा दोरा असाच बघतात," एवढंच म्हणाले आणि पुढचं रीळ उचललं. त्या दिवशी माझ्या दुकानातली सगळी रिळं त्यांनी मुकी ठरवली.

ते पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले. सगळा जन्म होडीवर गेलेला, आता होडी मुलाकडे. पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुकानात सगळ्याच म्हाताऱ्यांना आम्ही काका म्हणतो. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याचं नाव शेवटपर्यंत ठाऊक नसतं आणि ज्याच्याबद्दल मात्र तासभर बोलता येतं.

कानाचा त्यांना फार अभिमान. होडीच्या तळाला कान लावला की पाण्याखालचा ढोमा ऐकू येतो, असं ते छातीठोक सांगायचे. मासा बोलतो म्हणे, बेडकासारखा. त्यांच्याच आळीतले एक गृहस्थ एकदा माझ्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "याला ढोमे ऐकू यायचे, बायकोची हाक तेवढी ऐकू यायची नाय."

काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "तिची हाक सगल्या बंदराला ऐकू जायची. मी येगला कशाला ऐकू?"

ते खरंच होतं. कारण ती बाई मलाही माहीत होती. माणिकपूरच्या बाजारात ती मासळी विकायची आणि मी मूळची रत्नागिरीकडची, त्यामुळे तिच्या पाटीपुढे माझी हजेरी ठरलेली. मी बोंबील हातात घेऊन दाबून बघितला की ती ओरडायची, "ए मास्तरीण, तुझा नवरा हाय का तो, गाल दाबतेस?" मी मास्तरीण नाही, पण चष्म्यामुळे तिनं मला ती पदवी देऊन टाकली होती. भांडून झालं की वाट्यावर वर एक मासा टाकायची. मग एकदा ती बाजारात दिसेनाशी झाली. थकली असेल, असं मी धरून चालले.

तर त्या पहिल्या दिवशी काका दोरा घ्यायला आलेच नव्हते. त्यांना घुंगरं हवी होती. पितळेची, बारीक.

मी विचारलं, "नातीच्या नाचाला का?"

"नाय. म्हातारीला."

मी हसले. ते हसत नाहीत असं बघितल्यावर घुंगरांचा खोका पुढे ठेवला. मग त्यांनी घुंगरं कानाशी एकेक वाजवून निवडता निवडता सांगितलं. म्हातारी विसरायला लागली होती. आधी मीठ विसरली, मग नातेवाइकांची नावं, मग साल. मधूनच उठायची, होड्या लागल्या म्हणायची, आणि दार उघडून निघायची किनाऱ्याकडे. बोलणंही कमी झालं होतं, त्यामुळे निघाली तरी कुणाला कळायचं नाही. मुलगा समुद्रावर, सून एका दवाखान्यात कामाला. दिवसभर घरात हे दोघंच. हे मागच्या पडवीत जाळं घेऊन बसले की ती पुढच्या दारानं पसार व्हायची. दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडली होती. भरतीची वेळ असती तर काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

"सून म्हनते, बाहेरून कडी लावू. बरोबर हाय तिचं, ती पन घाबरते. पन कडी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात, बाय. जिनं घर चालवलं तिला कशी लावायची?"

घुंगरं गाऊनला लावली की ती हलली तर कानावर येईल, हा त्यांचा हिशेब. मी पक्का दोरा देऊ केला. त्यांनी हात झटकला. "घरी तंगूस हाय."

तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा. खाऱ्या पाण्यात कुजत नाही, मोठा मासा ओढला तरी तुटत नाही. सगळ्या जन्मात त्यांना त्यानं कधी दगा दिला नव्हता. पण गाऊन म्हणजे जाळं नव्हे. सुती कापडाला तंगूस चाकूसारखा कापतो, ही गोष्ट माझ्या धंद्यातली कुठलीही बाई सांगेल. मीही सांगितली. पण जन्मभर समुद्रावर दोऱ्याच्या भरवशावर राहिलेला माणूस दोऱ्याच्या बाबतीत कुणाचं ऐकतो होय?

त्यांनी गाऊनच्या घेरावर दाटीवाटीनं घुंगरं बसवली, प्रत्येकाला जाळ्याची गाठ. म्हातारीनं चार पावलं टाकली, खाली बघितलं आणि खूप दिवसांनी स्पष्ट बोलली, "मी काय शेली हाय?" आळीतली पोरं हसली. ती बसून राहिली आणि एकेक घुंगरू ओढायला लागली. हे काकांनीच मला सांगितलं. ते म्हणाले, "ती हसली असती तर चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मग व्हायचं तेच झालं. तंगुसानं कापड कापलं. एका दुपारी घुंगरं खाटेखाली गळून पडली आणि म्हातारी नि:शब्द निघून गेली. काका मागच्या पडवीत कान लावून बसलेले. आवाज नाही म्हणजे ती झोपली आहे, असं समजून निर्धास्त. सून दवाखान्यातून लवकर आली म्हणून कळलं. ती पोरगी चप्पल न घालता धावत सुटली. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांडीपाशी म्हातारी सापडली. दुसऱ्या कुणाचे तरी बोंबील ती नीट करत होती, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकात एक अडकवून, जसे टांगतात तसे. एकही चुकलेला नव्हता. पाणी वलांडीच्या पायांपर्यंत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं सुतार बोलावला आणि दाराला बाहेरून कडी ठोकून घेतली. लावली मात्र नाही. सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ईस्टरपर्यंत काय करायचं ते करा. नंतर मी कडी लावूनच कामाला जाणार. माझ्यावर चिडू नका, माझं डोकं पण दिवसभर घरीच असतं." हे तिनंच मला नंतर सांगितलं. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर सुतार आधीच बोलावला असता.

मग ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या एका दुपारी काका दुकानात आले ते जवळजवळ धावत. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"बाय, भरतकाम शिकव."

"कुणाला?"

"मला. अजून कोन हाय हितं?"

झालं होतं असं. चर्चमध्ये संध्याकाळी फादर जुन्या करारावर बोलत होते. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, काकांनीच सगळं गल्ल्यावर कोपर टेकून सांगितलं. गुलामीतून सुटलेली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहिली होती. देवाचंही घर तंबूच. आणि त्या तंबूसाठी पडदे भरायचे, पट्टे भरायचे, याजकाचे, म्हणजे पुजाऱ्याचे, झगे भरायचे, सगळं सुईनं. काकांना याचंच नवल. "वालवंटात, बाय! खायचे वांदे, प्यायचे वांदे, आनि भरतकाम चाललंय. आनि करनारा कोन? बाप्या! त्याचं नाव लिवून ठेवलंय." हे शेवटचं त्यांनी दुकानातल्या बायकांकडे बघून जरा मोठ्यानं सांगितलं.

रंगही ठरलेले, निळा, जांभळा आणि किरमिजी. त्यातला निळा आणि जांभळा समुद्रातल्या शंखातून काढायचे, असं फादरनी समजावलं होतं. तिथं काकांची कोळ्याची जात जागी झाली. ते सभेनंतर फादरना गाठून भांडले. "भरनाऱ्याचं नाव लिवलंय, शंख काढनाऱ्याचं कुठंय? पान्यात कोन उतरला? तो भरनारा उतरला काय?" फादर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, पण आता मी काय करू. काकांनी तो अन्याय पुढे कित्येक दिवस मनात ठेवला होता.

पण धावत येण्याचं कारण वेगळं होतं. मुख्य याजकाच्या झग्याच्या घेरावर, त्या तीन रंगांच्या सुताची डाळिंबं होती. आणि दोन डाळिंबांच्या मध्ये सोन्याचं घुंगरू. एक डाळिंब, एक घुंगरू, असं सगळ्या घेराला.

"मी फादरना इचारलं, एवढ्या मोठ्या मानसाला घुंगरं कशाला? तर म्हनाले, तो देवासमोर आत जाताना आवाज यायला पायजे, बाहेर येताना आवाज यायला पायजे. म्हंजे तो मरनार नाय."

त्यांनी गल्ल्यावरून कोपर उचललं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मरू नये म्हनून घुंगरं, बाय. शेलीसारखी नाय. राजासारखी."

मला आठवलं, आम्हीही देवळात शिरताना घंटा वाजवतो. माझी आजी सांगायची, आपण आलो हे देवाला कळायला हवं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ. सगल्यांना ऐकू यायला पायजे."

त्या दिवसापासून माझ्या दुकानात शिकवणी सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. म्हातारीला घरी ठेवणार कुणापाशी, म्हणून तिलाही रिक्षात घालून आणायचे. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं नाही. तिला स्टुलावर बसवून पुढ्यात बटणांचा डबा दिला. आणि काय सांगू, तिनं बटणांचे वाटे लावायला सुरुवात केली. मोठी इकडे, बारीक तिकडे, फुटकी बाजूला. एक बाई ब्लाउजची बटणं निवडत होती तर म्हातारी तिला म्हणाली, "घे गं, ताजी हायत." त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनी खुणावलं. म्हातारीनं वाट्यावर वर एक बटण टाकलं. मला रडू आवरेना म्हणून मी मागे जाऊन उगाच लेसचा गठ्ठा उपसत बसले.

काका विद्यार्थी म्हणून वाईट. जाळ्याची सुई मोठी, बांबूची; त्यांच्या बोटांत भरतकामाची सुई सापडायची नाही. साखळी टाका घालताना प्रत्येक टाक्याला गाठ मारायचे. मी म्हणायचे, "काका, गाठ नको. कापड कुठे पळून जात नाही." ते म्हणायचे, "सगलं पलून जातं, बाय." पण हट्ट मोठा. उसवायला सांगितलं की न कुरकुरता उसवायचे, आणि उलटी बाजू आधी दाखवायचे, कारण जाळ्याला सुलट-उलट नसतं म्हणे, दोन्हीकडून मासा येतो.

डाळिंब कसं दिसतं याचा त्यांना अंदाज नव्हता. त्यांच्या घरी ते फळ आजाऱ्यासाठी यायचं, तेही सोललेलं. म्हणून बाजारातून एक आणलं, नमुना म्हणून माझ्या गल्ल्यावर ठेवलं. त्याच्या डोक्यावरचा मुकुट चारी बाजूंनी बघितला. मग मी गिऱ्हाइकाकडे वळले तेवढ्यात म्हातारीनं नमुना फोडला आणि दोघांनी मिळून तो संपवला. दुसरं आणलं ते मी उंच फळीवर ठेवलं.

कापडाचं पहिलं डाळिंब तयार झालं. जांभळं, आत कापूस भरलेलं, मुकुटासकट. शेजारच्या गिरणीवाल्या वहिनी आल्या होत्या, त्या कौतुकानं म्हणाल्या, "वांगी छान झालीत हो!" काकांनी निमूट उसवलं. दुसऱ्या खेपेचं कांद्यावर गेलं. त्यानंतरचं मात्र डाळिंब झालं. मी ते हातात घेतलं आणि मनापासून सांगितलं, "काका, आता जमलं."

डाळिंबं मध्ये का, याचं उत्तर त्यांना काम करतानाच सापडलं. घुंगराला घुंगरू लागून असलं की नुसता गोंगाट होतो, एकात एक अडकतात, ओढ बसते आणि टाका सुटतो. मध्ये कापसाचं मऊ डाळिंब आलं की प्रत्येक घुंगरू सुटं राहतं आणि वेगळं वाजतं. "त्या बाप्याला अक्कल होती," काका त्या वाळवंटातल्या भरणाऱ्याबद्दल म्हणाले, हाताखालचा माणूस चांगला निघावा तसे. या खेपेला तंगूस नव्हता. मेण लावलेला सुती दोरा, माझ्याच दुकानातला, कानाशी धरून पास केलेला. सगळं एका रुंद पट्टीवर भरलं आणि पट्टीला टिचबटणं लावली, म्हणजे गाऊन धुवायला टाकताना ती काढता यावी. टिचबटणांची कल्पना माझी. एवढं श्रेय मी सोडणार नाही.

ईस्टरच्या आधीच पट्टी पुरी झाली. पहिल्यांदा दुकानातच लावून बघितली. म्हातारी स्टुलावरून उठली. एक पाऊल टाकलं, वाजलं. ती थांबली, वाकली, एक डाळिंब मुठीत धरलं. ती पुन्हा शेळी म्हणाली असती तर या माणसाचं काय झालं असतं कोण जाणे.

तिनं विचारलं, "कोनाचं लगीन हाय?"

"तुझं," काका म्हणाले.

"कोनाशी?"

"हाय एक जन. मासे ऐकनारा."

ती लाजली. खरंच लाजली हो. मग दुकानभर फिरून आली, अस्तरांच्या फळीपासून आरशापर्यंत, आणि प्रत्येक पावलाला आवाज करत.

तेव्हापासून त्यांच्या घरात एक रीत पडली, ती मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बघितली. घुंगरू वाजलं की काका जिथं असतील तिथून म्हणायचे, "हाय, हाय. इथंच हाय." पडवीतून, न्हाणीतून, जेवताना तोंडात घास असला तरी. ती उंबऱ्याशी गेली तरी ते ऊठ-धाव करायचे नाहीत. आधी "हाय" म्हणायचे. ती आवाजाकडे वळायची, त्यांच्यापाशी येऊन बसायची. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागायचं. मला तेव्हा कळलं की ती होड्यांना शोधायला जात नसावी. कोण आहे का घरात, एवढंच तिला बघायचं असावं. अर्थात हे माझं मत.

सुनेनं ईस्टरनंतर कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं दाराला राहिली, त्यात तिनं मेणबत्तीचं मेण भरलं.

माझ्यापुरतं सांगते. आम्ही एव्हरशाईन सिटीत राहतो. तीन माणसं, तिघांकडे लॅचच्या तीन किल्ल्या. नवरा मुंबईहून यायचा, मुलगी क्लासहून यायची, मी दुकानातून. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुणाला पत्ता नसायचा. चप्पल दिसली तर माणूस घरात आहे असं समजायचं. एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते, किल्ली फिरली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आहे गं, इथंच आहे." नवरा दारातच उभा. त्याला वाटलं, मी फोनवर बोलतेय. मी त्याला काकांची गोष्ट सांगितली. आता आमच्याकडे किल्ली फिरली की आतून कुणीतरी "आहे" म्हणतं. मुलगी मोबाईलमधून डोकं वर काढत नाही, पण "आहे" म्हणते. या एका शब्दासाठी मी काकांची किती ऋणी आहे, हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. मी सांगायला गेले असते तर त्यांनी रीळ कानाला लावलं असतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर काका गेले. होडी नाही, आजारपण नाही. पडवीत जाळं मांडीवर घेऊन बसले होते. घरात घुंगरू वाजलं आणि उत्तर आलं नाही. ते पुन्हा वाजलं. सून त्या दिवशी घरी होती. उत्तर का येत नाही म्हणून ती मागे गेली, तेव्हा कळलं.

मी अंत्यविधीला गेले. चर्च भरलेलं होतं, पाचूबंदरचे लोक, बाजारातल्या कोळणी, माझ्यासारखी दोन-चार बाहेरची. पुढे वेदीपाशी पेटी. मी मागच्या बाकावर बसले, कुठे उठायचं आणि कुठे गुडघे टेकायचे ते शेजारणीकडे बघून करत होते. फादर बाहेर येण्याआधीची शांतता होती.

आणि दाराशी घुंगरू वाजलं.

सून म्हातारीला हाताला धरून आणत होती. म्हातारीच्या अंगावर काळं लुगडं, आणि लुगड्याच्या खालच्या काठाला ती पट्टी. निळी, जांभळी, किरमिजी. मला नंतर समजलं की नातेवाइकांपैकी कुणीतरी घरी म्हणालं होतं, आज तरी ते काढ, बरं दिसत नाही. त्यावर सुनेनं स्वतः एकेक टिचबटण दाबून पट्टी लावली होती आणि म्हणाली होती, "बाबांना ऐकू यायला पाहिजे."

म्हातारी मधल्या वाटेनं चालत पुढे गेली. एवढ्या माणसांत दुसरा आवाज नव्हता. एक घुंगरू, मग दुसरं, एकेक सुटं, जसं त्यांनी बसवलं होतं तसं. पोरं बघत होती, पण कुणी हसलं नाही. पेटीपाशी ती थांबली. तिनं पेटीकडे बघितलंच नाही. मान जरा कलती करून उभी राहिली. तिला पुढचं ऐकायचं होतं.

मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. तिनं पाऊल हलवलं. घुंगरू पुन्हा वाजलं. ती पुन्हा थांबली.

तेव्हा सुनेनं तिचा हात घट्ट धरला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाय, आई. इथंच हाय."

एरवी ती पोरगी "आहे" म्हणते, "हाय" म्हणत नाही. म्हातारी आवाजाकडे वळली आणि तिच्या मागोमाग जाऊन बाकावर बसली. मग फादर आले आणि मिस्साची प्रार्थना सुरू झाली. मला पुढचं काही दिसत नव्हतं, पण मला दु:ख होण्याऐवजी बरं वाटत होतं, हे मी खरं तेच सांगते.

मागच्या महिन्यात सून दुकानात आली. खाऱ्या हवेनं डाळिंबं विटली आहेत, दोन-तीन उसवलीही आहेत. म्हातारी बरोबर होती, तिला स्टुलावर बसवून मी बटणांचा डबा दिला.

"आंटी, तीन रंगांच्या लड्या द्या. आणि तो टाका मला दाखवाल? सुट्टीच्या दिवशी येत जाईन." मग म्हणाली, "घुंगरांचा दोरा पण द्या. मेण लावायचा असतो ना, तो."

मी रीळ पुढे केलं. तिनं हातभर दोरा ओढला, अंगठ्यांना गुंडाळून ताणला, कानाशी नेला आणि डोळे मिटून करंगळीनं छेडला. मी फॉल मागणाऱ्या बाईला हातानंच थांबवलं.

"हा मुका आहे, आंटी," ती म्हणाली. "दुसरा द्या."

मी वळून फळीवरचं दुसरं रीळ काढलं.